एक प्लेट तर्री पोहे, तोंडापासून पेशीपर्यंत: फर्स्ट इयरवाल्यांनी पचनसंस्था आणि ग्लुकोज एकत्र कसं अभ्यासायचं

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्सटर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं?" मी म्हटलं, "तर्री पोहे, सर." (तर्री म्हणजे पोह्यांवर घालायचा चण्याचा झणझणीत रस्सा.) "किती वाजता?" "साडेसातला." तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. मग ते म्हणाले, "बरं, ते पोहे आत्ता कुठे आहेत सांग." आणि मी गप्प. ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज तोडण्याच्या) दहाच्या दहा स्टेप एन्झाइमसकट पाठ होत्या, पोटाला रक्त देणाऱ्या सिलिॲक ट्रंकच्या फांद्या पाठ होत्या, इन्सुलिनचे इफेक्ट पाठ होते, पण पोहे कुठे आहेत ते काही सांगता येईना. कारण ॲनाटॉमीच्या पुस्तकात आतडं होतं, फिजिओलॉजीच्या पुस्तकात इन्सुलिन आणि बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात क्रेब्ज सायकल, आणि ही तिन्ही एकाच माणसाच्या पोटात एकाच वेळी होऊन राहिली आहेत हे वर्षभरात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे आणि संध्याकाळी नागपूरच्या मेडिकल चौकाच्या मागच्या एका खोलीवर चार-पाच ज्युनिअर पोट्टे-पोट्टी येतात त्यांना मी शिकवते. मेडिकलची असतात, मेयोची असतात (इथली दोन सरकारी मेडिकल कॉलेजं), अडचण सगळ्यांची सेम. म्हणून ज्या पद्धतीनं मी त्यांना शिकवते ती इथे सगळी लिहून काढते आहे. रोज दीड तास दिला तर दहा दिवसांत होतं. यात नवीन पुस्तक काही नाही, तुमचीच पुस्तकं वापरायची, फक्त धडे पुस्तकाच्या क्रमानं न वाचता पोह्यांच्या क्रमानं वाचायचे.

सामान आधी जमवून ठेवा: आठ मीटर सुतळी, चार रंगांचं नेलपेंट, अंगावरून धुऊन निघेल असं मार्कर, दोन काचेचे ग्लास, भाताची पेज, बेटाडीनची छोटी बाटली आणि मोठा चार्ट पेपर. आणि एक रूममेट, जो शर्ट काढून पंधरा मिनिटं शांत पडून राहील.

पहिली पायरी: सुतळी

हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये सुतळी सरळ पसरा. एका टोकापासून २५ सेंटीमीटर मोजून पहिली खूण करा, ती अन्ननलिका. पुढचे २५ सेंटीमीटर पोट, म्हणजे जठर. त्यापुढचे २५ सेंटीमीटर ड्युओडिनम. हे तीन २५ लक्षात राहायला फार सोपे आहेत. मग लहान आतड्याचा उरलेला भाग, साधारण पावणेसहा मीटर, त्यातले पहिले दोन पंचमांश म्हणजे सव्वादोन मीटरच्या थोडं वर जेजुनम आणि बाकीचा साडेतीन मीटरच्या आसपास इलियम. शेवटी दीड मीटर मोठं आतडं. प्रत्येक जोडावर वेगळ्या रंगाचं नेलपेंट लावा आणि ही सुतळी दाराच्या खिळ्याला टांगून ठेवा, येता जाता हाताला लागली पाहिजे. (जिवंत माणसात स्नायूंच्या टोनमुळे आतडं याच्यापेक्षा आखूड असतं, पुस्तकातले आकडे बरेचसे मृतदेहावर मोजलेले आहेत. व्हायवाला हे सांगितलंत तर समोरच्याला बरं वाटतं.)

सुतळीचा खरा उपयोग पुढे आहे. पुढच्या प्रत्येक पायरीला सुतळीवर बोट ठेवून "आपण आत्ता इथे आहोत" असं मोठ्यानं म्हणायचं. वेडेपणा वाटतो, पण पोट्टे इथेच पहिल्यांदा मान वर करून बघतात, कारण आतापर्यंत त्यांना इलियम म्हणजे नुसता एक शब्द होता, तो साडेतीन मीटर लांब आहे हे हाताला कधी जाणवलंच नव्हतं.

दुसरी पायरी: रूममेटच्या पोटावर रेघ

रूममेटला उताणा झोपवा. मानेच्या खाली, छातीच्या हाडाच्या वर जी खाच लागते तिथून प्युबिक सिम्फिसिसच्या (ओटीपोटाखाली समोर लागणाऱ्या हाडाच्या जोडाच्या) वरच्या कडेपर्यंत टेप धरा आणि बरोब्बर मध्यावर आडवी रेघ मारा. ही ट्रान्सपायलोरिक प्लेन. मागे मणक्यात ती पहिल्या लंबरला, एल-१ ला येते आणि बाजूला नवव्या बरगडीच्या कार्टिलेजच्या टोकाला भिडते. टेप नसेल तर छातीच्या हाडाचं खालचं टोक संपल्यावर त्याच माणसाचा एक पंजा खाली, जवळजवळ तिथेच येतं.

सगळ्या पोटात एकच रेघ नीट करायची असेल तर ही करा. या रेघेवर पायलोरस (जठराचं खालचं दार) आहे, पित्ताशयाचं फंडस (टोक) आहे, पॅन्क्रियाची (स्वादुपिंडाची) मान आहे, सुपीरियर मेझेंटेरिक आर्टरीचा उगम आहे आणि पॅन्क्रियाच्या त्या मानेच्या मागेच आतड्याचं रक्त लिव्हरकडे नेणारी पोर्टल व्हेन तयार होते. आपल्या पोह्यांच्या प्रवासातली निम्मी पात्रं या एका रेघेवर उभी आहेत. मागे मणक्याच्या बाजूनं तीन आर्टरींचे आकडे पण लिहून टाका: सिलिॲक ट्रंक टी-१२ (छातीचा बारावा मणका), सुपीरियर मेझेंटेरिक एल-१, इन्फीरियर मेझेंटेरिक एल-३. या तिघी अनुक्रमे फोरगट, मिडगट, हाइंडगटला, म्हणजे गर्भातल्या आतड्याच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या हिश्श्याला रक्त देतात. दुखणं कुठे जाणवणार तेही याच हिशोबानं: फोरगटचं वर एपिगॅस्ट्रियमला, मिडगटचं बेंबीभोवती, हाइंडगटचं खाली ओटीपोटात. अपेंडिक्स मिडगटचं, म्हणून ते सुरुवातीला बेंबीपाशी दुखतं आणि नंतर जेव्हा पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) सुजतं तेव्हा उजवीकडे खाली सरकतं. हे एकदा कळलं की कॅज्युअल्टीत पेशंट "आधी इथे दुखत होतं, आता तिथे" म्हणतो तेव्हा ते तुम्हाला कोड्यासारखं वाटत नाही.

तिसरी पायरी: तोंड, आणि बेटाडीनचा ग्लास

आता पोहे तोंडात. तर्री न घालता कोरडे पोहे एक घास घ्या आणि दोन-तीन मिनिटं नुसते चावत राहा, गिळू नका. हळूहळू गोडसर लागायला लागतं. लाळेतलं अमायलेज स्टार्चच्या साखळ्या तोडून राहिलं आहे त्याची ती चव. पण हे एन्झाइम फक्त अल्फा १-४ जोड तोडतं, जिथे साखळीला फांदी फुटते तो १-६ जोड त्याला तोडता येत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोळ्यानं बघायचं असेल तर: दोन ग्लासांत पातळ केलेली, कोमट झालेली पेज घ्या, एकात चमचाभर लाळ टाका, नीट ढवळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मे महिन्यात कूलर बंद केला तर नागपूरची खोलीच ३७ डिग्रीच्या वर जाते, वेगळं वॉटर बाथ लागत नाही. मग दोन्हीत बेटाडीनचा एक-एक थेंब. नुसत्या पेजेचा ग्लास निळा-काळा होतो, लाळेच्या ग्लासात रंग फिका, तांबूस, कधी कधी येतच नाही. नाही जमलं तर पेज जास्त घट्ट असेल, अजून पातळ करा. प्रॅक्टिकलमध्ये आपण हाच प्रयोग टेस्ट ट्यूब घेऊन करतो आणि अक्रोमिक पॉइंट (रंग येणं थांबतं ती वेळ) लिहितो, पण तिथे बॅचमध्ये वीस जण असतात आणि ट्यूब दोघांच्याच हातात असते. ग्लासातलं मात्र प्यायचं नाही.

लाळग्रंथीत एक गोष्ट सगळ्यांना फसवते. फेशियल नर्व्ह पॅरोटिडच्या (कानापुढच्या लाळग्रंथीच्या) आतून जाते म्हणून सगळे म्हणतात पॅरोटिडला फेशियलच सप्लाय करते. नाही. पॅरोटिडला सिक्रीटोमोटर, म्हणजे लाळ सोडायचा निरोप, ग्लोसोफॅरिंजियल नर्व्हकडून ओटिक गँगलिऑनमार्गे येतो, फेशियल तिथून फक्त जाते. फेशियलची फांदी कॉर्डा टिंपनी मात्र खालच्या दोघींना, सबमँडिब्युलर आणि सबलिंग्वलला पुरवते. पॅरोटिडची नळी वरच्या दुसऱ्या दाढेच्या समोर उघडते, जीभ लावून बघा, गालाच्या आत बारीक उंचवटा लागतो.

अन्ननलिका पटकन उरकू. सी-६ ला (मानेच्या सहाव्या मणक्याला) सुरू, टी-१० ला डायफ्रॅममधून खाली, टी-११ ला पोटात. वरचा तिसरा हिस्सा स्केलेटल मसल, खालचा स्मूथ, मधला मिश्र. बाहेरून सिरोसा (पातळ गुळगुळीत आवरण) नाही, म्हणून तिथला कॅन्सर लवकर पसरतो. समोरच्या दातांपासून १५ सेंटीमीटरला पहिली अरुंद जागा आणि ४० ला शेवटची, एंडोस्कोपी बघाल तेव्हा नळीवरचे आकडे वाचा म्हणजे हे आपोआप पाठ होतं.

चौथी पायरी: पोट, जिथे तर्री खेळ बदलते

पोह्याचा घास पोटात पडला म्हणजे अमायलेज लगेच मेलं असं नाही. घासाच्या आतपर्यंत ॲसिड पोचेपर्यंत ते पोटाच्या फंडसमध्ये (वरच्या फुगीर भागात) काम करत राहतं, स्टार्चचा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत भाग इथेच तुटू शकतो. परायटल सेल ॲसिड आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर सोडते, चीफ सेल पेप्सिनोजेन. हे दोन सेल स्लाइडवर ओळखता आले पाहिजेत: परायटल गुलाबी, गोल, तळलेल्या अंड्यासारखी, चीफ निळसर आणि ग्रंथीच्या तळाशी जास्त.

आता तर्रीचं. तर्रीवर तेलाचा जो लाल थर तरंगतो तो ड्युओडिनममध्ये पोचला की तिथून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं आणि ते पायलोरसला सांगतं, थांब, हळू सोड. म्हणून नुसत्या पोह्यांपेक्षा तर्री पोह्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि साखरही सावकाश चढते. साध्या मिश्र जेवणाचं निम्मं पोट सुटायला दोनेक तास लागतात. चढणाऱ्या साखरेचा वेग आतडं ठरवतं त्याच्याआधी पायलोरस ठरवतो, ही गोष्ट कुणी नीट सांगत नाही आणि पुढे डायबेटिक गॅस्ट्रोपरेसिस (डायबेटिसमुळे मंदावलेलं पोट) शिकताना तिच्याविना काहीच कळत नाही.

पाचवी पायरी: ड्युओडिनम आणि पॅन्क्रिया, हे दोन वेगळे वाचूच नका

उजव्या हाताच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा सी करा, हा ड्युओडिनम. डाव्या हाताची मूठ त्या सी मध्ये बसवा, मूठ म्हणजे पॅन्क्रियाचं डोकं, मनगट म्हणजे मान, पुढचा हात बॉडी आणि टेल, कोपर स्प्लीनच्या हायलमकडे. ड्युओडिनमचे चार भाग ५, साडेसात, १० आणि अडीच सेंटीमीटर, बेरीज २५. पहिल्या भागाच्या मागून गॅस्ट्रोड्युओडिनल आर्टरी जाते म्हणून मागच्या भिंतीचा अल्सर फुटला तर रक्त जातं. दुसऱ्या भागात आतल्या बाजूला मोठा पॅपिला, तिथे पित्त आणि पॅन्क्रियाचा रस येतो. तिसऱ्या भागाच्या समोरून सुपीरियर मेझेंटेरिक व्हेसल्स जातात. चौथा भाग वर वळून जेजुनम होतो.

पॅन्क्रियाचं अमायलेज इथे उरलेला स्टार्च फटाफट तोडतं, हाती येतं माल्टोज, माल्टोट्रायोज आणि त्या १-६ फांद्या असलेले लिमिट डेक्स्ट्रिन. अजून ग्लुकोज जवळजवळ सुटलेलंच नाही.

इथेच एक इतिहास वाचून टाका कारण तो ॲनाटॉमी शिकवतो. १८६९ मध्ये लांगरहान्सनी पॅन्क्रियात पेशींची बेटं पाहिली, इन्सुलिन सोडणारी ती हीच. १९२१ मध्ये टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याची पॅन्क्रियाची नळी बांधून टाकली. नळी बांधल्यावर रस करणाऱ्या ॲसिनाय सुकतात, पण बेटं टिकतात, कारण त्यांना नळीची गरजच नाही, ती सरळ रक्तात सोडतात. त्यातूनच त्यांनी इन्सुलिनचा अर्क काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये त्यांच्या डायबेटिसच्या पहिल्या पेशंटला इंजेक्शन दिलं गेलं. एक्सोक्राइन आणि एंडोक्राइनमधला फरक याच्यापेक्षा चांगला मला तरी कुठे सापडला नाही.

सहावी पायरी: जेजुनम, ट्यूबलाइटसमोर

डिसेक्शन हॉलमध्ये आतड्याचं वेटोळं हातात घ्या (ग्लव्ह्ज घालून, आणि ज्यानं शरीर दिलं त्याचा मान ठेवून), मेझेंटरी (आतड्याला मागे धरून ठेवणारा पडदा) पंख्यासारखी पसरवा आणि खिडकीच्या किंवा ट्यूबलाइटच्या समोर धरा. जेजुनम असेल तर आतड्याच्या लगत मेझेंटरीत चरबी कमी, उजेड आरपार येतो, खिडक्या दिसतात, आर्टरीच्या कमानी एक-दोन आणि त्यांच्यापासून निघालेल्या सरळ व्हेसल्स लांब. इलियम असेल तर चरबी आतड्यापर्यंत आलेली, उजेड अडतो, कमानी खूप आणि सरळ व्हेसल्स आखूड. मग भिंत बोटांत चिमटीत धरून घासा, जेजुनमच्या आत घड्या जाड लागतात, इलियमची भिंत पातळ. फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्यात पाणी येतं, तरी ही दोन मिनिटं द्या, पुस्तकातला दहा ओळींचा तक्ता यानंतर परत वाचावा लागत नाही.

त्या घड्या म्हणजे सर्क्युलर फोल्ड्स, त्यांनी पृष्ठभाग तिप्पट होतो, त्यावरच्या व्हिलायनी (बोटांसारख्या बारीक उंचवट्यांनी) दसपट, आणि मायक्रोव्हिलायनी वीसपट. गुणाकार करा, सहाशे पट. मायक्रोव्हिलायच्या टोकावर शेवटचे एन्झाइम चिकटलेले असतात आणि ते आपल्या नाश्त्याला एकेक करून जोडा: पोह्यांच्या माल्टोजला माल्टेज, फांदीवाल्या डेक्स्ट्रिनला आयसोमाल्टेज (तोंडात जो १-६ जोड राहिला होता तो इथे तुटला), पोह्यात टाकलेल्या चिमूटभर साखरेला सुक्रेज, वरून घेतलेल्या चहाच्या दुधाला लॅक्टेज. ज्याचं लॅक्टेज कमी त्याला चहा चालतो पण ग्लासभर दूध चालत नाही, मात्रेचा खेळ आहे.

आता दार. ग्लुकोज आत शिरतं ते एसजीएलटी-१ या दारातून, एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम. सोडियम आत जायला का तयार असतो, तर पेशीच्या मागच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून त्याला सतत बाहेर काढत असतो म्हणून. मागच्या दारातून ग्लुकोज ग्लूट-२ नं रक्तात उतरतं. संत्र्यातलं फ्रुक्टोज वेगळ्या दारानं, ग्लूट-५ नं येतं, त्याला सोडियम लागत नाही.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. आणि १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या कॅम्पमध्ये कॉलरा पसरला, सलाइन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून लोकांना तोंडानं पाजलं, मोठमोठ्या ड्रममधून, आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. कॉलऱ्यात बाकी सगळं बिघडतं, पण एसजीएलटी-१ चालू राहतं, आणि त्यामागे पाणी येतं. आजच्या ओआरएसच्या पुडीत सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल प्रति लिटर का असतं, ते आता तुम्हाला कुणी पाठ करायला सांगायची गरज नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वॉर्डात लूज मोशनची लेकरं येतात, त्यांच्या आईला "एक पुडी, एक लिटर पाणी, कमी पाण्यात घट्ट करू नका" हे सांगताना मला दरवेळी ती दोन सोडियम एक ग्लुकोजची आकृती डोळ्यासमोर येते. घट्ट केलं तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं.

सातवी पायरी: एका चमच्याचा हिशोब

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते. कागद-पेन घ्या.

तुमच्या अंगात रक्त साधारण ५ लिटर. साखर १०० मिलिग्रॅम प्रति १०० मिली. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? ५ ग्रॅम. एक चहाचा चमचा. सगळ्या अंगाच्या रक्तात फक्त एक चमचा.

आणि प्लेटीत कोरड्या पोह्यांचे ६० ग्रॅम धरले तर त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, चणे, साखर सोडून. म्हणजे नऊ चमचे. हे सगळं रक्तात नुसतं ओतलं असतं तर ५ आणि ४५ मिळून ५० ग्रॅम, साखर १००० मिलिग्रॅम. पण मी स्वतःवर ग्लुकोमीटर लावून बघितलं होतं, उपाशीपोटी ८८, अर्ध्या तासानं १२९, एका तासानं १३८, दोन तासांनी १०४. मग बाकीचे नऊ चमचे गेले कुठे? इन्सुलिन, लिव्हर, ग्लायकोजन, ग्लायकोलिसिस हे सगळे धडे या एकाच प्रश्नाचं उत्तर आहेत. प्रश्न आधी डोक्यात बसला की उत्तर शिकायला वेळ लागत नाही. (तुम्ही करून बघाल तर दरवेळी नवी लॅन्सेट आणि आपली आपली, दुसऱ्याची नाही.)

पहिला वाटेकरी लिव्हर. आतड्याचं रक्त आधी पोर्टल व्हेननं तिथेच जातं, लिव्हरला येणाऱ्या रक्तातलं तीन चतुर्थांश याच व्हेनचं. सुपीरियर मेझेंटेरिक आणि स्प्लेनिक व्हेन पॅन्क्रियाच्या मानेमागे मिळून ती बनते, रूममेटच्या पोटावरची रेघ आठवा. इन्सुलिनही त्याच रक्तात मिसळतं, म्हणजे लिव्हरला अन्न आणि निरोप एकाच गाडीनं पोचतात. लिव्हरमधलं ग्लुकोकायनेज (ग्लुकोजला फॉस्फेट लावून पेशीत अडकवणारं) हे मुद्दामच ढिलं एन्झाइम आहे, त्याला अर्धा वेग गाठायला ८-१० मिलिमोल ग्लुकोज लागतं, उपाशीपोटीच्या ५ ला ते सुस्त असतं. मेंदू आणि स्नायूंमधलं हेक्झोकायनेज मात्र ०.१ मिलिमोलच्या आसपासच अर्धा वेग गाठतं. म्हणजे टंचाईत मेंदू आधी घेतो, सुगीत लिव्हर भरून घेतं. किती शहाणी व्यवस्था आहे बघा.

दुसरा भाग इन्सुलिनचा. पॅन्क्रियाच्या बेटांतल्या बीटा सेलमध्येही तेच ग्लुकोकायनेज मीटरसारखं बसलं आहे. ग्लुकोज आत, एटीपी वाढलं, पोटॅशियमचं चॅनल बंद, पेशी डिपोलराइझ, कॅल्शियम आत, इन्सुलिन बाहेर. डायबेटिसच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या हेच चॅनल बंद करतात. आणि हो, तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडानं दिली तर जास्त, कारण आतड्याच्या के सेल जीआयपी आणि एल सेल जीएलपी-१ सोडून पॅन्क्रियाला आधीच खबर देतात. मग स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लूट-४ ही दारं आतून उचलून पडद्यावर लावली जातात. लिव्हर, मेंदू आणि तांबड्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही, एमसीक्यूत हेच विचारतात.

आठवी पायरी: व्हरायटी चौक

चार्ट पेपरवर एक भलीमोठी पेशी काढा, आत मायटोकॉन्ड्रियाची एक खोली. बरोब्बर मधोमध ग्लुकोज-६-फॉस्फेट लिहा. आपल्या सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी रस्ते फुटतात ना, तसं हे. एक रस्ता ग्लायकोजनकडे. एक पेंटोज फॉस्फेटकडे, जिथे एनएडीपीएच मिळतं. एक ग्लायकोलिसिसचा. आणि एक परत मोकळ्या ग्लुकोजकडे, पण तो रस्ता लिव्हर आणि किडनीतच उघडा आहे, स्नायूत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही. म्हणून स्नायूंत ४०० ग्रॅमपर्यंत ग्लायकोजन असूनही ते रक्ताला एक कणही सरळ देऊ शकत नाहीत, आणि लिव्हरचे १००-एक ग्रॅम सगळ्या अंगाला रात्र काढून देतात.

ग्लायकोलिसिसच्या दहा स्टेप्समध्ये फक्त तीन वन-वे आहेत: हेक्झोकायनेज (लिव्हरमध्ये ग्लुकोकायनेज), पीएफके-१ (फॉस्फोफ्रुक्टोकायनेज), पायरुव्हेट कायनेज. हे तीन लाल पेननं काढा, बाकीचे सात निळ्यानं. रात्री उलट दिशेनं ग्लुकोज बनवायचं असतं तेव्हा निळे रस्ते तेच वापरतात आणि लाल तीन ठिकाणी वळसा घेतात. पायरुव्हेट कायनेजच्या जागी दोन एन्झाइम, पायरुव्हेट कार्बोक्सिलेज आणि पीईपीसीके, पीएफकेच्या जागी फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज, आणि वर ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. झालं, ग्लुकोनिओजेनेसिस वेगळं पाठ करावं लागलं नाही.

एटीपीचा हिशोब: ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ २ एटीपी आणि २ एनएडीएच. पायरुव्हेटचं असिटिल कोए होताना २ एनएडीएच, एकाचे अडीच एटीपी धरून ५. क्रेब्जमध्ये दोन फेऱ्या, दहा-दहा, २०. सायटोसोलमधले ते २ एनएडीएच लिव्हर-हार्टमध्ये मॅलेट शटलनं गेले तर ५, ग्लिसरॉल फॉस्फेट शटलनं गेले तर ३. बेरीज ३२ किंवा ३०. जुन्या पुस्तकांत ३८ आणि ३६ दिसेल, तिथे एनएडीएचला ३ धरलं होतं. परीक्षेत आकड्याबरोबर शटलचं नाव लिहा.

तांबड्या पेशीला मायटोकॉन्ड्रियाच नाही, तिला ही सगळी खोली पुसून टाका. ती कायम लॅक्टेटच करणार, ते लॅक्टेट लिव्हर परत ग्लुकोज करणार, कोरी सायकल. कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोला १९४७ चं नोबेल ग्लायकोजनच्या कामासाठी मिळालं.

नववी पायरी: वॉर्डातली राखाडी टोपी

साखरेचं सॅम्पल राखाडी टोपीच्या व्हायलमध्ये का घेतात, हे एकदा सिस्टरजवळ उभं राहून बघा. व्हायलच्या तळाशी पांढरी पूड असते, त्यात सोडियम फ्लोराइड. ते ग्लायकोलिसिसमधलं इनोलेज अडवतं. नाही अडवलं तर नळीतल्या तांबड्या पेशी साखर खातच राहतात, तासाला ५-७ टक्के कमी होते. एकदा रात्री मी घाईत साखरेचं रक्त लाल टोपीत (ज्यात फ्लोराइड नसतं) भरलं आणि ते लॅबला जायला तीन तास लागले, रिपोर्ट ६१ आला, पेशंट मात्र खाटेवर बसून पोळी खाऊन राहिला होता. परत घेतलं, ७९. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी व्हायल उलटी-सुलटी आठ-दहा वेळा करायला लावते म्हणजे पूड मिसळते. तुमच्या चार्ट पेपरवर इनोलेजच्या निळ्या बाणावर राखाडी ठिपका काढून ठेवा.

आकडेही इथेच लिहा: उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १२६ आणि वर डायबेटिस, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० आणि वर डायबेटिस, १८० च्या आसपास किडनीचा उंबरठा.

दहावी पायरी: उत्तर मोठ्यानं म्हणा

शेवटच्या दिवशी पुस्तक बंद, सुतळी हातात, आणि समोरच्यानं कुठलीही वेळ सांगायची: खाल्ल्यावर पाच मिनिटं, एक तास, चार तास, बारा तास. तुम्ही पोहे कुठे आहेत, रक्तात काय चाललं आहे, लिव्हर काय करून राहिलं आहे हे न थांबता सांगायचं. अडलात की तेवढंच पुस्तकात बघायचं.

साडेसातचे पोहे आणि साडेअकराची व्हायवा, याचं उत्तर असं: "सर, पोट जवळजवळ रिकामं झालं आहे. बहुतेक स्टार्च ड्युओडिनम आणि वरच्या जेजुनममध्येच ग्लुकोज होऊन पोर्टल व्हेननं गेला. त्यातला काही लिव्हरमध्ये आणि स्नायूंत ग्लायकोजन झाला, काही मेंदूनं जाळला, तांबड्या पेशींनी त्यांच्या वाटचा लॅक्टेट करून परत दिला. चण्याची सालं आणि चण्यातली न पचणारी साखर इलियमच्या टोकाला आहेत, काही सीकममध्ये उतरली असेल, तिथे बॅक्टेरिया त्यांचं शॉर्ट चेन फॅटी ॲसिड आणि गॅस करतील. इन्सुलिन खाली आलं आहे, ग्लुकागॉन वर चढतं आहे, आणि लिव्हरनं थोड्या वेळापूर्वी ठेवलेलं ग्लायकोजन परत सोडायला सुरुवात केली आहे."